तुटलेली पोळी आणि साडेतीन वर्षांचा राग

लहान मुलांच्या रागाचा एक जुना आणि अजूनही वाचण्याजोगा अभ्यास आयांच्या वह्यांमधून उभा राहिला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी काही आयांना एकच काम दिलं होतं: मूल चिडलं की लिहून ठेवायचं. किती वाजले होते, कशावरून बिनसलं, किती वेळ चाललं, घरातल्यांनी काय केलं. ४५ मुलांच्या मिळून १,८७८ नोंदी जमल्या आणि १९३१ साली त्यांचं पुस्तक झालं. इतक्या वर्षांनी त्यातली निरीक्षणं वाचताना वाटतं, ही बाई आपल्याच सोसायटीत राहून गेली असावी. चिडण्याचं प्रमाण दुसऱ्या वर्षात सर्वांत जास्त, पुढे ते ओसरत जातं. बहुतेक वेळा सगळा प्रकार पाच मिनिटांच्या आत आटोपतो. अगदी लहानांचं बिनसतं ते अंघोळ, कपडे, झोप असल्या रोजच्या गोष्टींवरून. जरा मोठी झाली की खेळगड्यांवरून. आजारातून नुकतं उठलेलं मूल जास्त चिडतं. आणि जेवणाच्या आधीच्या वेळेत नोंदींची गर्दी होते.

आता आपल्याकडची संध्याकाळ बघा. साडेसहाला आई किंवा बाबा पाळणाघरातून मुलाला आणतात. दुपारची झोप तिथे झाली तर झाली. चार वाजता दोन बिस्किटं पोटात गेलेली, जेवण आठनंतर. घरी आल्यावर ज्याचं त्याचं काम वाट बघत असतं: कणीक मळायची असते, ऑफिसचा एखादा कॉल उरलेला असतो, आजीची मालिका सुरू व्हायची असते. अशा वेळी लाल कपाऐवजी निळ्या कपात दूध दिलं, एवढं निमित्त पुरतं. मूल भोकाड पसरतं आणि मोठी माणसं कपाच्या रंगावर वाद घालत बसतात. कपाचा त्यात फारसा संबंध नसतो. घरात शिरल्या शिरल्या केळं, वाटीभर उपमा, एखादा शेंगदाण्याचा लाडू पोटात गेला तर बरेचसे तंटे उभेच राहत नाहीत. मुलाचा ‘स्वभावच हट्टी’ असा शिक्का मारण्याआधी घड्याळाकडे बघावं, हा गुडइनफबाईंच्या वह्यांचा पहिला उपयोग.

झोपेचंही तसंच. २०१२ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी अडीच ते तीन वर्षांच्या मुलांना एक दिवस दुपारी झोपू दिलं नाही आणि मग चित्रांचे तुकडे जुळवायला दिले. एका कोड्यात मुद्दाम चुकीचा तुकडा ठेवलेला, म्हणजे ते सुटणारच नाही. झोप झालेल्या दिवसाच्या तुलनेत सुटणारं कोडं सुटल्याचा आनंद ३४ टक्क्यांनी कमी दिसला आणि न सुटणाऱ्या कोड्यावरचा त्रागा ३१ टक्क्यांनी वाढला. मुलं होती फक्त १०, तेव्हा आकड्यांना फार चिकटून बसायला नको. पण लग्नघरी दुपारची झोप चुकलेलं मूल संध्याकाळी रिसेप्शनला कसं वागतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा निष्कर्ष पटायला जड जाणार नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची धरून, १० ते १३ तास झोप हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री अकराला झोपून सकाळी साडेसातच्या व्हॅनसाठी उठणाऱ्या मुलाचा हिशेब आपण घरीच करून बघावा.

अर्थात पोट भरलेलं आणि झोप झालेली असली तरी मुलं चिडतातच. तेव्हा नेमकं काय होतं?

याच मिनेसोटा विद्यापीठात पुढे मायकल पोटेगल यांनी थयथयाटाचाच अभ्यास केला. जेम्स ग्रीन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुलांच्या कपड्यांत छोटे बिनतारी माइक शिवले आणि घराघरांतले शंभराहून जास्त प्रसंग ध्वनिमुद्रित केले. २०११ साली ते काम प्रसिद्ध झालं. किंचाळणं आणि ओरडणं हे एका गटात येतं, रडणं आणि कुरकुरणं दुसऱ्या गटात. पहिला गट रागाचा, दुसरा दुःखाचा. आधी राग येतो, तो संपला की रडू येतं, अशी आपली समजूत असते. ध्वनिमुद्रणांत दिसलं ते वेगळं. राग सुरुवातीलाच उसळतो आणि उतरत जातो, पण दुःख पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली वाहतच असतं. राग ओसरला की ते ऐकू येऊ लागतं, इतकंच. म्हणून किंचाळणारं मूल चार मिनिटांनी स्वतःहून हात पुढे करतं आणि ज्या आईवर ओरडत होतं तिच्याच कुशीत शिरतं. ती लबाडी नसते, ‘नाटकं’ तर नसतातच. राग संपला, दुःख उरलं, आणि दुःखाला कुशी लागते.

एक प्रसंग जवळून बघू. साडेतीन वर्षांची मुलगी जेवायला बसली आहे. आईने सवयीने पोळीचे तुकडे करून ताटलीत ठेवले. मुलीला हवी होती अख्खी पोळी, तूप-साखर लावून, स्वतःच्या हाताने गुंडाळायची. “तोडली! तू तोडली! जोड परत!” आई म्हणते, “अगं, चव तीच आहे, खाऊन तर बघ.” बाबा म्हणतात, “दुसरी देऊ का?” दुसरी अख्खी पोळी ताटलीत येते. “ती नको! हीच जोड!” आता ताटली सरकते, वरण सांडतं. आजोबा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणतात, “लाडावून ठेवलंय तुम्ही.” आजी म्हणते, “मोबाइल द्या गं तिला, जेवेल तरी.” दीड मिनिटात चार माणसांनी चार उपाय केले आणि मुलीचा आवाज प्रत्येक उपायागणिक चढत गेला.

तुटलेली पोळी जोडता येत नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिला ते आत्ता, या क्षणी कळतंय आणि तेच तिला सहन होत नाहीये. तिने मनात ठरवलेली एक गोष्ट कुणीतरी न विचारता मोडली आणि आता ती कायमची मोडली. “दुसरी देऊ का” या प्रश्नात तिला पुन्हा निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेण्याची ताकद तर त्याच क्षणी संपलेली असते. मेंदूचा कपाळामागचा भाग थांबणं, तोलणं, पर्याय निवडणं ही कामं करतो. तो पूर्ण पिकायला माणसाची विशी उलटून जावी लागते; अडीच वर्षांत काय आणि साडेतीन वर्षांत काय, तो अगदी कोवळा असतो. रागाच्या भरात तेवढाही हाताशी राहत नाही. म्हणून भर रागात विचारलेला प्रश्न, दिलेला दाखला, केलेला उपदेश या सगळ्याचा मुलाच्या लेखी अर्थ एकच होतो: आणखी आवाज.

मग करायचं काय? फार थोडं. ताटली आणि गरम वरणाचं भांडं हाताच्या टप्प्याबाहेर ठेवायचं. तिच्या शेजारी खाली बसायचं. एकदाच, साध्या आवाजात म्हणायचं, “तुला अख्खी हवी होती. मी तोडली.” आणि मग गप्प. हे गप्प बसणं सर्वांत अवघड, कारण घरात प्रत्येकाला काहीतरी सुचत असतं. एका वेळी एकाच मोठ्या माणसाने मुलाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी आपलं जेवण चालू ठेवायचं, एवढा नियम घरात आधीच ठरलेला असला तरी पुष्कळ फरक पडतो. तीन-चार मिनिटांत किंचाळण्याचं हुंदक्यांत रूपांतर होतं. ती हात पुढे करते. मांडीवर घ्यायचं, पाणी द्यायचं. आणि मग, अगदी शेवटी, “पुढची पोळी तव्यावरून उतरली की तू गुंडाळणार?”

जाता जाता: आईने यात पोळी तोडल्याबद्दल शरणागती पत्करलेली नाही आणि वरण सांडल्याबद्दल शिक्षाही केलेली नाही. थोड्या वेळाने दोघींनी मिळून फडक्याने ते पुसावं. चिडायला हरकत नाही, पण सांडलेलं पुसायचं असतं, हे मुलाला पुसता पुसताच कळतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हल्ली पालकत्वाच्या व्हिडिओंतून तिचा फार गवगवा झाला आहे. भावनेला नाव द्या, म्हणजे ती शांत होते, असं म्हणतात. त्याला आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली दाखवलं, की चेहऱ्यांच्या चित्रांवरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. पण तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, ज्यांच्याकडे शब्द आधीपासून तयार होते. तीन वर्षांच्या मुलाला ऐन रागात “तुला राग आलाय का बाळा?” असं मधाळ आवाजात विचारून बघा. “नाऽऽही आला!” असं उत्तर येतं आणि एखादी चप्पलही येते. शब्द उपयोगी पडतो, पण तो त्या आधीच मुलाच्या ओळखीचा झालेला असावा लागतो. भावना समजावण्याची खरी वेळ राग नसतानाची: अंघोळ घालताना, स्कूटरवर पुढे उभं करून नेताना, रात्री गोष्ट सांगताना.

त्यात घाईही नको, कारण मुलांची भावनांची समज फार सावकाश उलगडते. बॉस्टन कॉलेजातल्या शेरी वायडन आणि जेम्स रसेल यांनी मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून ‘याला काय वाटतंय’ असं विचारलं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचा कारभार ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अशा दोन खणांतच चालतो. मग राग आणि दुःख वेगळे होतात, मग भीती, मग आश्चर्य. किळस आलेल्या माणसाचा चेहरा तर बहुतेक मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत ‘रागावलेला’ म्हणूनच ओळखतात. तेव्हा आजी नाक मुरडून डायपर बदलत असते आणि नातवाला वाटतं ती आपल्यावर चिडली आहे, यात नवल नाही. मोठ्यांनी तेवढं बोलून टाकावं: “वास येतोय रे, तुझ्यावर नाही रागावले.”

केंब्रिजमध्ये जूडी डन यांनी घराघरांत जाऊन तीन वर्षांच्या मुलांच्या घरचं बोलणं ऐकलं होतं. ज्या घरांत कुणाला काय वाटलं आणि का वाटलं याबद्दल सहज बोललं जाई, त्या घरांतली मुलं पुढे सहा वर्षांची झाल्यावर इतरांच्या भावना अधिक चांगल्या ओळखत होती. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्यातला ‘का’ महत्त्वाचा. ‘दादा रडतोय’ एवढं पुरत नाही. ‘दादाचा पतंग कापला गेला म्हणून तो हिरमुसलाय’ यात गोष्ट आहे. आपल्याकडे यासाठी शब्दांची वानवा नाही. रुसलेलं, खट्टू झालेलं, बावरलेलं, ओशाळलेलं, कंटाळलेलं, हेवा वाटलेलं मूल आपण रोज बघतो आणि त्या सगळ्याला ‘त्रास देतोय’ म्हणून मोकळे होतो. यातले पाच-सहा शब्द रोजच्या बोलण्यात आले तरी पुष्कळ झालं. त्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते विकत आणून भिंतीवर लावायची काही गरज मला वाटत नाही. बाहुलीची पोळी कुणीतरी तोडली आणि ती किती रुसली, हा खेळ दुसऱ्या दिवशी दुपारी पाच मिनिटं खेळला, की कालच्या प्रसंगाचा धडा होऊन जातो. मुलंच तो खेळ पुढे नेतात. बाहुलीला आईने काय म्हणावं हे मूल सांगतं, तेव्हा त्याला काल काय ऐकायचं होतं तेही समजतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगोत्स्की यांनी लक्ष वेधलेली एक गंमत या वयात घरोघरी दिसते. मूल गरम इस्त्रीपाशी उभं राहून “हात नाही लावायचा, चटका बसतो” असं मोठ्याने म्हणतं आणि म्हणता म्हणता हात पुढे नेतं. आपल्याला वाटतं, कळतंय पण वळत नाही. खरं तर स्वतःला आवरायला लागणारं बोलणं आधी मोठ्यांकडून येतं, मग मूल ते मोठ्याने स्वतःशी बोलतं, आणि वर्षं गेल्यावर ते मनातल्या मनात होऊ लागतं. मधल्या पायरीवर हात इस्त्रीकडे जातो. तेव्हा तो आपणच धरायचा असतो. रागाचंही असंच होतं. आई रोज म्हणते, “राग आला तर उशीला मार, बाळाला नाही.” एके दिवशी मूल बहिणीवर हात उगारून, दात-ओठ खात, “बाळाला नाही... बाळाला नाही...” असं पुटपुटतं. हात उगारलेला दिसतो म्हणून त्याला ओरडलं, तर त्याने केवढं काम केलंय ते आपल्या नजरेतून निसटतं.

आता आपल्या घरच्या काही रीतींबद्दल. मूल पडलं की आपण म्हणतो, “मुंगी मेली, मुंगी मेली!” आणि जमिनीला दोन चापट्या मारून “हात् रे!” करतो. नव्या पालकांना हे अजिबात खपत नाही. मुलाच्या भावना नाकारल्या म्हणून ते आजीवर डाफरतात. मला आजीची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. दीड वर्षाच्या मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवणं हा त्या वयाला शोभणारा, चालणारा उपाय आहे. चार वर्षांच्या मुलाच्या फुटलेल्या गुडघ्याला मात्र मुंगी पुरत नाही. त्याला “लागलं ना जोरात? बघू” हवं असतं. जमिनीला मारणं मला कधीच आवडलेलं नाही, कारण दुखलं की कुणाला तरी मारायचं असतं, ही त्यातली शिकवण मूल बरोबर उचलतं.

बागुलबुवाची गोष्ट वेगळी. “पोलीस पकडून नेईल”, “डॉक्टरकाका सुई टोचतील” हा आपल्याकडचा सर्वांत वाईट वारसा. ताप आला की त्याच मुलाला त्याच डॉक्टरकाकांकडे न्यायचं असतं. दोन ते पाच या वयात खरं आणि मनातलं यांतली सीमा धूसर असते, त्यामुळे अंधार, मिक्सरचा आवाज, गणपतीतला ढोल, दिवाळीतला सुतळी बॉम्ब याची भीती आपसूक येते. तिच्यात घरच्यांनी भर घालायला नको. “काही होत नाही” म्हणून भीती जात नाही. ढोलपथकापासून लांब, हात धरून, कानावर हात ठेवून उभं राहायचं. मुलाने म्हटलं तर दोन पावलं पुढे, नाही म्हटलं तर तिथूनच परत. पुढच्या वर्षी ते मूल बहुधा खांद्यावर बसून नाचतं.

वैशाली रावळ आणि टान्या मार्टिनी यांनी गुजरातेतल्या दोन समाजगटांतल्या आयांशी बोलून २००९ साली एक अभ्यास मांडला. मूल शारीरिक दुखण्याने रडलं तर ते आयांना स्वीकारायला सोपं जात होतं. रागावलं किंवा दुःखी झालं तर तितकं नाही. सख्ख्या शेजारचं राज्य आहे, आपलं चित्र फार निराळं असेल असं वाटत नाही. ‘पोटात दुखतंय’ म्हटलं की घर गोळा होतं आणि ‘मला राग आलाय’ म्हटलं की घर अंगावर येतं, हे जिथे चालतं तिथल्या मुलाचं सोमवारी सकाळी पोट दुखलं तर त्याला खोटारडं म्हणण्यात अर्थ नाही. मुलग्यांच्या वाट्याला वर “मुलींसारखा काय रडतोस” येतं. मुलींच्या वाट्याला “मुलीच्या जातीला इतका राग बरा नव्हे” येतं. दोघांनाही एकेक भावना घरात आणायची बंदी, आणि ती बंदी पुढे लग्नानंतर दुसऱ्याच कुणाला तरी निस्तरावी लागते.

मारण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर आता फारशी शंका उरलेली नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ५० वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. चापट मारल्याने मुलं पुढे अधिक ऐकतात असं दिसलं नाही; आक्रमकपणा आणि मानसिक त्रास यांच्याशी मात्र त्या चापटीचा संबंध दिसला. आपल्या मातीत हे बोलणारी माणसं केव्हाच होऊन गेली. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली, अनुताई वाघांना सोबत घेऊन, बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडी सुरू केली. गिजुभाईंचा शिक्षेला जितका विरोध होता तितकाच बक्षिसाच्या आमिषालाही. ‘रडला नाहीस तर कॅडबरी’ हा सौदा त्यांना रुचला नसता.

सौद्यांवरून आठवलं. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो: मुलासमोर एक गोळी ठेवायची, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, अशी त्याची जाहिरात झाली. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तो संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो पुष्कळच फिका निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी फिका. मला त्याहून मोलाचा वाटतो तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा रॉचेस्टरमधला २०१३ सालचा प्रयोग. गोळीचा खेळ सुरू होण्याआधी १४ मुलांना त्यांनी ‘थांब, छान रंग आणून देते’ म्हणून सांगितलं आणि खरंच आणून दिले. दुसऱ्या १४ मुलांना तसंच सांगून ‘नाहीयेत गं’ म्हणत रिकाम्या हाताने परत आल्या. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं गोळीसमोर सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटं.

आपण रोज किती वेळा दुसऱ्या गटातली मुलं घडवतो बघा. ‘उद्या नक्की बागेत जाऊ.’ ‘दुकान बंद झालंय.’ ‘मोबाइल बिघडलाय.’ मूल खेळात रमलं की मागच्या दाराने ऑफिसला सटकणारे आईबाबा तर सर्रास. रडणं टळतं, पण त्या दिवशी टळलेलं रडणं पुढे महिनाभर चिकटून बसतं, कारण आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते हे मुलाला कळलेलं असतं. सांगून जावं. दोन मिनिटं रडेल. “आजीबरोबर दूध प्यायलास, झोपून उठलास, की मी येते” आणि खरोखर तेव्हाच यावं. उशीर होणार असेल तर फोन करून मुलालाच सांगावं. ज्याला दिलेला शब्द पाळला जाण्याची सवय आहे, त्या मुलाला थांबणं जमतं.

मोबाइलचं प्रकरण आजीने मघाशी काढलंच होतं. तो दिला की रडणं टक्कन थांबतं, यात वाद नाही; म्हणून तर तो दिला जातो. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा काही महिने मागोवा घेतला. मुलाचं बिनसलं की शांत करायला वारंवार पडदा हातात देण्याचा आणि पुढे लवकर व जास्त बिनसण्याचा संबंध दिसला, विशेषतः मुलग्यांत आणि मुळातच सळसळत्या स्वभावाच्या मुलांत. विमानात किंवा दाताच्या डॉक्टरकडे पाच मिनिटं दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. रोजच्या प्रत्येक रुसव्यावर तोच उतारा असेल, तर रागातून बाहेर येण्याचा सराव मुलाला होत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेली मर्यादा अशी: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत.

हे सगळं वाचून एखाद्या आईच्या पोटात गोळा येईल, तर तिच्यासाठी एडवर्ड ट्रॉनिक. आई अचानक निर्विकार चेहरा करते तेव्हा तान्हं बाळ कसं कासावीस होतं, हा त्यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांचंच दुसरं निरीक्षण फारसं सांगितलं जात नाही. चांगलं चाललेल्या मायलेकरांतही दोघांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला असतो. बाकीचा वेळ बिनसण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. ते पुन्हा जुळवणंच बाळाला घडवतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आपणच ओरडलो, तर तासाभराने जवळ घेऊन “मी जोरात ओरडले, तू घाबरलीस ना? मी दमले होते” एवढं बोलावं. लांबलचक माफी नको, आणि “पण तूही तसंच केलंस” हे शेपूट तर नकोच.

एका प्रकाराने मात्र घरं हादरतात. मूल रडता रडता श्वास रोखतं, ओठ निळे पडतात, अंग ताठ किंवा सैल होतं, क्षणभर शुद्ध हरपते. सहा महिने ते सहा वर्षं या वयात काही मुलांना असं होतं. मूल हे मुद्दाम करत नाही, आणि श्वास साधारण मिनिटाच्या आत आपोआप सुरू होतो. कांदा हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये, गदागदा हलवू नये. कुशीवर झोपवून जवळ थांबावं. पहिल्यांदा घडलं की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मिरगी किंवा हृदयाचा त्रास नाही ना ते बघतात, आणि रक्तातलं लोहही तपासतात, कारण लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि औषधाने पुष्कळदा कमी होतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती, म्हणून हे सांगितलं पाहिजे.

थयथयाट वयाचा आणि थयथयाट काळजीचा, हे कसं ओळखायचं? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली काही खुणा दिल्या आहेत. निम्म्याहून अधिक वेळा मूल माणसांवर किंवा वस्तूंवर हल्ला करत असेल. स्वतःला चावत, डोकं आपटत असेल. दिवसातून पाचाहून जास्त वेळा आणि असं बरेच दिवस चाललं असेल. एकेक प्रसंग सरासरी २५ मिनिटांहून लांबत असेल. कुणीतरी शांत केल्याशिवाय कधीच शांत होत नसेल. बोलणं उशिरा आलेलं किंवा नीट ऐकू न येणारं मूलही खूप चिडतं, कारण त्याला सांगता येत नाही. त्यामुळे आधी कान तपासून घ्यावेत. बालरोगतज्ज्ञ पुढचा रस्ता दाखवतात. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तिथेच आणि मोफत होते, आणि घरच्या मोठ्यांचाच धीर सुटू लागला असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ मानसिक आरोग्य मदतक्रमांकावर मराठीतून बोलता येतं.